देव नदीपलीकडे का गेला?

इतिहास म्हणजे सनावळी आणि सनावळी म्हणजे कंटाळा, हे समीकरण आपल्याकडे फार पक्के झाले आहे. गोव्याच्या बाबतीत तर ही सनावळीसुद्धा दोन आकड्यांवर येऊन थांबते. १५१० साली पोर्तुगीज आले, १९६१ साली गेले! मधली चारशे एक्कावन्न वर्षे आपली मुले एका श्वासात म्हणून टाकतात आणि मधल्या सुट्टीची घंटा कधी होते त्याची वाट बघतात. दोष मुलांचा आहे का? मला तरी तसे वाटत नाही.

मी शिक्षक नव्हे, सरकारी कचेरीतला कारकून. बी.ए.ला इतिहास घेतला होता, तेवढीच पुंजी. पण माझी पत्नी सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकवते आणि तिची टाचणवही रविवारी रात्री आमच्या जेवणाच्या टेबलावरच भरली जाते. त्यामुळे पाठ कसा बेततात, तो वर्गात कसा फसतो आणि कसा रंगतो, हे मी गेली कित्येक वर्षे जवळून ऐकत आलो आहे. प्राथमिक वर्गांत इतिहास हा वेगळा विषय नसतो, परिसर अभ्यासाच्या पोटात तो येतो. पुष्कळांना हे कमीपणाचे वाटते. मला ती सोयच वाटते. परिसरातूनच इतिहासाकडे जायचे, यापेक्षा चांगली वाट कोणती?

पहिली अडचण येते ती काळाची. नऊ वर्षांच्या मुलाला ‘पाचशे वर्षांपूर्वी’ म्हणजे काय कळणार? त्याच्या लेखी आजोबा, शिवाजी महाराज आणि पांडव हे सगळे एकाच ‘पूर्वी’ राहतात. यावर आमच्या घरात निघालेला तोडगा अगदी साधा आहे. एक सुतळी घ्यायची. एक वर्ष म्हणजे एक सेंटिमीटर. मुलाचे स्वतःचे वय झाले नऊ सेंटिमीटर, म्हणजे त्याच्या वितीपेक्षाही कमी. गोवा घटकराज्य झाले ते १९८७ साल अडतीस सेंटिमीटरवर. मुक्तीचे १९६१ चौसष्टवर. तिथे रंगीत कापडाची एक गाठ. मग सुतळी वर्गभर उलगडत न्यायची. नार्वेच्या सप्तकोटेश्वराचा शिवाजी महाराजांनी जीर्णोद्धार केला ते १६६८ साल साडेतीन मीटरच्या थोडे पुढे येते आणि १५१० पाच मीटर पंधरा सेंटिमीटरवर, म्हणजे बहुतेक वर्गांत समोरच्या भिंतीपाशी!

खरी गंमत त्यापुढे आहे. तांबडी सुर्लाचे कदंबकालीन महादेवाचे देऊळ आठशेच्या आसपास वर्षांचे. सुतळी दारातून व्हरांड्यात जाते. सांगे तालुक्यात कुशावती नदीच्या काठी उसगाळीमळला जांभ्या दगडावर कोरलेली चित्रे आहेत. बैल, हरणे, ते मोठे चक्रव्यूहासारखे वर्तुळ. १९९३ साली ती अभ्यासकांच्या नजरेस आली. ती कित्येक हजार वर्षांपूर्वीची मानतात. चार हजार धरली तरी चाळीस मीटर झाले, सुतळी शाळेच्या फाटकाबाहेर रस्त्यावर जाते. ज्या मुलाने सुतळीचे टोक धरून फाटकापर्यंत धाव घेतली, त्याला काळ म्हणजे काय हे पुन्हा सांगावे लागत नाही. आणि पोर्तुगीज येण्याच्या आधीही गोव्यात माणसे होती, राजे होते, चित्रे कोरणारे हात होते, हे कोणी न सांगताच त्याच्या ध्यानात येते.

दुसरा पाठ पाटीचा. गावाच्या वेशीवरची पाटी मुले रोज बघतात. पेडणे गावाच्या नावापुढे रोमी लिपीत जे लिहिलेले असते ते इंग्रजी शाळेतले मूल ‘पेर्नेम’ असे वाचते. केपेचे होते ‘केपेम’, सांगेचे ‘सांगेम’. हा शेवटचा ‘म’ आला कुठून? गावातली आजी कोंकणीत ‘पेडणें’, ‘केपें’ म्हणते तेव्हा शेवटचा स्वर नाकातून येतो. पोर्तुगीज लिहिण्यात असा नाकातला उच्चार दाखवायला शेवटी ‘एम’ हे अक्षर घालतात. पोर्तुगीज कारकुनाने ऐकले ते त्याच्या रीतीने बरोबरच लिहिले. पुढे इंग्रजी शिकलेल्यांनी ते अक्षर पूर्ण उच्चारले आणि गावाला एक जादा ‘म’ चिकटला. एका पाटीवर गावाची जीभ, पोर्तुगिजांचा कान आणि इंग्रजीचे वाचन असे तीन थर! कचेरीत जुन्या पोर्तुगीज नोंदी हाताळताना मला हे थर रोज दिसतात. मुलांना ते दाखवायला पैसा लागत नाही, सहल लागत नाही. एक खडू आणि वर्गात आजीसारखे बोलून दाखवणारे एक मूल पुरे.

आता येतो तो अवघड पाठ, आणि हे सगळे लिहायला बसलो ते त्याच्यासाठीच. देवळे मोडली गेली, देव हलवले गेले, हे लहान मुलांना सांगावे की सांगू नये?

दोन प्रकारची माणसे याचे उत्तर फार पटकन देतात. एक म्हणतात, कशाला जुनी मढी उकरता, मुलांच्या मनात विष कालवता? दुसरे म्हणतात, सांगाच, आणि असे सांगा की मुलांचे रक्त उसळले पाहिजे. मला दोन्ही उत्तरे आळशीपणाची वाटतात. पहिल्यात मुलाला खोटे सांगितले जाते. दुसऱ्यात अर्धेच सांगितले जाते. आणि इतिहासात अर्धे खरे हे पुष्कळदा खोट्यापेक्षा जास्त नुकसान करते.

मंगेशीचेच बघा. मूळ देऊळ कुशस्थळीला, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीला. बार्देश आणि साष्टी १५४३ साली पोर्तुगिजांकडे गेली, आणि पुढे देवळांवर संकट आले तेव्हा १५६० साली महाजनांनी देव हलवला तो झुवारीपलीकडे प्रियोळला. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला, लोटलीचा रामनाथ बांदिवड्याला. ही नावे फळ्यावर लिहून मुलांना नकाशात शोधायला लावायची. मग विचारायचे, हे सगळे देव एकाच बाजूला का गेले? एवढ्या जवळ का थांबले? पोर्तुगीज मागोमाग का आले नाहीत?

पत्नीने हा पाठ घेतला तेव्हा पहिला प्रश्न आला, “टीचर, देव व्हड्यांतल्यान गेलो काय?” होडीतून गेला की काय! हा प्रश्न उडवून लावण्यासारखा मुळीच नाही. नदी मध्ये आहे, पूल नाही, पाठीवर भीती आहे, तर माणसे कशी गेली असतील? मुलांनी होडी काढली, रात्र काढली, एकाने तर होडीत मांजरसुद्धा बसवले, कारण घर सोडून जाताना मांजर कोण मागे ठेवील? इतिहासाच्या पाठात मूल जेव्हा मांजराची काळजी करू लागते, तेव्हा तो पाठ त्याच्यापर्यंत पोचला असे समजावे.

आणि मग ‘त्याच बाजूला का’ याचे उत्तर. पलीकडचा अंत्रुज महाल त्या वेळी पोर्तुगिजांचा नव्हता. तो विजापूरच्या आदिलशहाचा होता. म्हणजे आपले देव आसऱ्याला गेले ते एका मुसलमान सुलतानाच्या मुलखात! पुढे फोंडा महाल १७६३ साली पोर्तुगिजांच्या ताब्यात आला खरा, पण दोनशे वर्षांत धोरण बदलले होते. नव्या काबिजादीतली देवळे राहिली, म्हणून आज आपण मंगेशीला आणि कवळ्याला जातो.

आता सांगा, ‘वाईट ते आणि चांगले आपण’ या दोन खणांच्या पेटीत ही गोष्ट कुठे बसते? बसतच नाही. देऊळ मोडले हे खरे, ते लपवायचे नाही. पण ते कोणी मोडले, कोणी वाचवले, कोणी आसरा दिला, हे सगळे पूर्ण सांगितले की मूल द्वेषाकडे न जाता विचाराकडे वळते. गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी यांच्या १९६२ साली निघालेल्या ‘मिथ अँड रिॲलिटी’ या ग्रंथात जुन्या काबिजादीतल्या गावकरीवर एक प्रकरण आहे. राजांच्या यादीआधी गाव पाहा, पायी फिरा, लोकांना विचारा, अशी त्यांची रीत होती. चौथीच्या वर्गाला ती रीत जमण्यासारखी आहे, फक्त पावले छोटी टाकायची.

अजून एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. देव घेऊन निघून गेले ते आणि बाटून गावात राहिले ते, हे काही दोन वेगळे लोक नव्हते. पुष्कळ ठिकाणी ते एकाच वांगडाचे, एकाच घरचे भाऊ होते. कुंकळ्ळीची देवी आज फातर्प्याला आहे. दर वर्षी सोंतऱ्योच्या दिवशी बारा वांगडांच्या बारा छत्र्या घेऊन ती आपल्या जुन्या गावी येते, आणि हिंदू व ख्रिस्ती दोन्ही कुंकळ्ळीकर तिच्या स्वागताला उभे असतात. याच कुंकळ्ळीत १५८३ साली पाच जेझुइट पाद्री मारले गेले आणि नंतर गावच्या मुखंडांना बोलणीसाठी असोळणेच्या किल्ल्यात बोलावून पोर्तुगिजांनी ठार केले. ते रक्त पुढच्या इयत्तांत येऊ दे. प्राथमिकच्या मुलांना आधी छत्र्या दाखवाव्यात. एका बाकावर बसणाऱ्या रोहनला आणि रोझीला कळू दे, की या गोष्टीत आपण दोघेही आहोत.

आणि आजच्या वर्गात केवळ रोहन आणि रोझीच नाहीत. आपल्या सरकारी मराठी शाळांत आज कोण बसते ते जरा जाऊन बघा. भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात गावोगाव निघालेल्या या शाळांतून आपल्यापैकी कित्येक जण शिकले. पण आपलीच मुले आता तिथे कमी. पटसंख्या घटली म्हणून काही शाळांना कुलपे लागली, काही एकशिक्षकी झाल्या. जी मुले उरली आहेत त्यांत बांधकामावर, बाजारात राबणाऱ्या कानडी, हिंदी बोलणाऱ्या मजुरांची पुष्कळ आहेत. या मुलांचे आणि गोव्याच्या इतिहासाचे नाते काय, असे एका गृहस्थांनी मला विचारले होते.

नाते आहे, आणि घट्ट आहे! पत्नीच्या वर्गात विजापूरकडचा एक मुलगा आहे. एरवी तो गप्प असतो. आदिलशहाचे नाव फळ्यावर आले तसा तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, तो आमच्या गावचा! गोलघुमट त्याने पाहिला होता. मग त्याला सांगितले, की १५१० च्या आधी गोव्यावर तुझ्या विजापूरचे राज्य होते. जुन्या गोव्यात आदिलशहाच्या वाड्याचा दरवाजा अजून उभा आहे, आणि पणजीत मांडवीच्या काठावर जे जुने सचिवालय दिसते तोही मूळचा आदिलशहाचाच वाडा. त्या दिवशी तो पोरगा वर्गाचा पाहुणा राहिला नाही, घरचा झाला. एका तासात याहून जास्त काय मिळवायचे असते?

शिक्षक म्हणतील, बोलायला सोपे आहे, चार वर्ग एकटीने सांभाळून बघा. बरोबर आहे. म्हणून आमच्या घरचे टाचण अगदी आखूड असते. पस्तीस मिनिटांची तासिका आणि एकच प्रश्न. पाच मिनिटे वस्तू दाखवायची: जुने नाणे, पाटीचे चित्र, सुतळी. दहा मिनिटे गोष्ट. दहा मिनिटे मुलांचे प्रश्न, त्यांत टीचरने कमी बोलायचे. उरलेली दहा मिनिटे मुलांनी काढायचे किंवा लिहायचे. सन शेवटी सांगायचा. आधी गोष्ट रुजली की सन तिला आपोआप येऊन चिकटतो. आधी सन दिला तर गोष्ट येतच नाही.

आणि एक काम मात्र लांबणीवर टाकू नये. १९ डिसेंबर १९६१ ला जे दहा वर्षांचे होते ते आज चौऱ्याहत्तरचे आहेत. पोर्तुगीज शाळेत ‘प्रिमेर ग्राव’ केलेली, माघार घेताना उडवलेल्या पुलांचे आवाज ऐकलेली माणसे अजून आपल्या घरांच्या बलकांवात बसलेली आहेत. मुलांना चार प्रश्न लिहून द्यावेत. त्या दिवशी तुम्ही कुठे होता? काय ऐकले? घरात कोण घाबरले, कोण हसले? दुसऱ्या दिवशी काय बदलले? एका घरची आजी सांगेल, आम्ही रस्त्यावर नाचलो. दुसऱ्या घरची सांगेल, आम्ही दार लावून आत बसलो. दोन्ही वह्या वर्गात शेजारी ठेवाव्यात. एकाच दिवसाच्या दोन आठवणी, आणि दोन्ही खऱ्या, हे ज्या मुलाला चौथीत कळले त्याला पुढे कोणीही अर्धा इतिहास सहजासहजी विकू शकणार नाही.

तेव्हा वाचकहो, आपल्या घरात शाळकरी मूल असेल, नात असेल, शेजारचा पोर असेल, तर येत्या रविवारी त्याला मंगेशीला जरूर न्या. प्रसाद घ्या, तळी दाखवा, आणि निघताना एवढेच विचारा, की देव नदीपलीकडून इथे का आला असेल रे? उत्तर सांगण्याची घाई करू नका. त्याला विचार करू द्या.