कोणतं पाणी हवं, हे कसं विचारावं?

तेल्हाऱ्यात किंवा पूर्णेच्या खोऱ्यातल्या कोणत्याही गावात जाऊन विचारा, 'तुम्हाला पाणी कसं हवं?' उत्तर ठरलेलं आहे. गोड हवं, रोज हवं, घरात हवं आणि जमलं तर फुकट हवं. खारपाणपट्ट्यात जन्म काढलेल्या माणसानं दुसरं काय सांगावं? पण पाणीपुरवठ्याची योजना आखणाऱ्याला या उत्तराचा काडीचा उपयोग नाही. त्याला वेगळंच कळायला हवं असतं. गोड पाणी आठवड्यातून एकदाच येणार असेल आणि मचूळ पाणी रोज, तर लोक काय घेतील? महिन्याला दोनशे रुपये भरून नळ घरात घेतील, की पन्नास भरून चौकातून घागरी वाहतील? घागर वाहणारी बहुधा बाई असते आणि सर्वेक्षणाला उत्तर देणारा बहुधा तिचा नवरा, तो भाग आणखी निराळा.

माणसाला एकेक गोष्ट सुटी विचारली की सगळंच महत्त्वाचं असतं. बाजारात मात्र सुटी गोष्ट मिळत नाही, गाठोडं मिळतं. म्हणून सर्वेक्षण करणाऱ्यांनी एक युक्ती काढली. दोन पत्ते समोर ठेवायचे. एकावर 'गोड पाणी, आठवड्यातून एकदा, घरात नळ, दोनशे रुपये'. दुसऱ्यावर 'मचूळ पाणी, रोज, चौकात नळ, पन्नास रुपये'. यातला एक उचला. मग पत्ते बदलून पुन्हा विचारायचं. पुष्कळ लोकांनी पुष्कळ पत्ते उचलले, की कोणत्या गोष्टीचं पारड्यात किती वजन आहे, हे हिशेबानं काढता येतं. या पद्धतीला 'कॉन्जॉइंट' म्हणतात. म्हणजे जोडून, एकत्र विचारणं.

गंमत अशी, की या पद्धतीचं मूळ सापडतं शेतात. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात १९१९ साली रोनाल्ड फिशर नावाचा गणिती दाखल झाला. त्याच्यासमोरची अडचण आपल्या कोणत्याही कास्तकाराला कळेल. वावराची एक बाजू भारी, दुसरी हलकी. नाल्याकडे पेरलेलं वाण जास्त पिकलं, तर तो वाणाचा गुण की जमिनीचा? यावर उपाय म्हणून वावराचे चौकोन पाडायचे आणि प्रत्येक वाण आडव्या ओळीत एकदाच आणि उभ्या ओळीत एकदाच येईल असं पेरायचं. याला लॅटिन चौकोन म्हणतात. फिशरचं या विषयावरचं पुस्तक १९३५ साली आलं. आपल्याकडे पानसे आणि सुखात्मे यांनी १९५४ साली शेतीतल्या संख्याशास्त्रावर लिहिलेलं पुस्तक कृषी पदवीधरांच्या कित्येक पिढ्यांनी अभ्यासलं.

असे चौकोन फिशरच्या फार आधीपासून आहेत, हे जाता जाता सांगायला हवं. तेराव्या शतकातल्या अल-बूनी या अरबी लेखकाच्या नावावरच्या ग्रंथांत ते आढळतात, तेही ताईतासाठी. आमच्या मोहल्ल्यातल्या ताईतांतही घरं पाडून अंक-अक्षरं भरलेली असत. त्याचा आणि कपाशीच्या प्लॉटचा काही संबंध असेल, हे लहानपणी कोणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

दोन लॅटिन चौकोन एकावर एक असे ठेवता येतात का, की प्रत्येक जोडी एकदाच यावी? अठराव्या शतकातला थोर गणिती ऑयलर याला सहा रेजिमेंटचे, सहा हुद्द्यांचे छत्तीस अधिकारी असे उभे करायचे होते. ते जमेना. तेव्हा त्यानं अंदाज बांधला, की सहाला जमत नाही, तसं दहाला, चौदाला, अठरालाही जमणार नाही. सहाबद्दल तो बरोबर होता. बाकीचा अंदाज पावणेदोनशे वर्षं टिकला आणि १९५९ साली कोसळला. तो पाडणारे तिघे होते: राजचंद्र बोस, अर्नेस्ट पार्कर आणि शरदचंद्र शंकर श्रीखंडे. श्रीखंडे आपल्या नागपूरच्या सायन्स कॉलेजात शिकले आणि तिथंच शिकवलं. 'न्यूयॉर्क टाइम्स'नं ही बातमी पहिल्या पानावर छापली होती. पुढे ते मुंबई विद्यापीठात गणिताचे विभागप्रमुख झाले आणि २०२० साली, वयाच्या १०२व्या वर्षी गेले. विदर्भातल्या किती शाळकरी मुलांना हे नाव ठाऊक आहे?

आता आपल्या पाण्याकडे या. चार गोष्टी: चव, वार, जागा, दर. प्रत्येकीचे तीन प्रकार. तीन गुणिले तीन गुणिले तीन गुणिले तीन, म्हणजे एक्याऐंशी पत्ते. एक्याऐंशी पत्ते ऐकून घेणारा माणूस मला दाखवा. पण तीन-तीन घरांचे दोन चौकोन एकावर एक ठेवले, तर आडवी ओळ चव सांगते, उभी ओळ वार, पहिलं अक्षर जागा आणि दुसरं दर. एकूण घरं नऊ. एकमेकींचा एकमेकींवर परिणाम होत नाही असं धरून चाललं, तर एक्याऐंशीचं काम नऊ पत्त्यांत भागतं.

पुढची वाट मानसशास्त्रातून बाजारात गेली. लूस आणि ट्युकी यांनी १९६४ साली अशा एकत्र मापनाचं गणित मांडलं. पॉल ग्रीन आणि विठ्ठल राव यांनी १९७१ साली ते ग्राहकांच्या आवडीनिवडीला लावलं. ऐंशीच्या दशकात मॅरियट कंपनीनं आपली 'कोर्टयार्ड' ही हॉटेलं प्रवाशांना अशाच पद्धतीनं विचारून आखली. साबण, मोटारी, औषधं, सगळीकडे हे चालतं आणि त्यात मला फारसा रस नाही.

मला रस आहे तो माणूस जे तोंडानं बोलत नाही त्यात. भाड्यानं खोली शोधताना माझ्या मुलाला एका घरमालकानं आधी नाव विचारलं आणि मग 'खोली कालच गेली' असं सांगितलं. त्या मालकाला सर्वेक्षणात विचारा, 'धर्म बघून भाडेकरू ठेवता का?' तो नाहीच म्हणेल. पण पत्त्यावर नोकरी, पगार, कुटुंब, गाव आणि नाव अशा पाच ओळी असतील, तर नावाची ओळ गर्दीत मिसळून जाते. तो बिनधास्त पत्ता उचलतो.

याच कुळातला एक प्रयोग वऱ्हाडातल्याच माणसानं केला. अमरावती जिल्ह्यातल्या महिमापूरचे सुखदेव थोरात आणि अमेरिकेतले पॉल अॅटवेल यांनी वर्तमानपत्रातल्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. शिक्षण तेच, पात्रता तीच, बदललं फक्त नाव. २००७ साली निष्कर्ष आले. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत बोलावणं येण्याची शक्यता दलित नावाला सुमारे दोन तृतीयांश होती आणि मुसलमान नावाला सुमारे एक तृतीयांश. तो पत्ते दाखवण्याचा खेळ नव्हता, खरेच अर्ज होते. पण बाकी सारं सारखं ठेवून एकच ओळ हलवायची, हे तत्त्व तेच.

पत्ता उचलणारा माणूस खऱ्या आयुष्यातही तसंच वागतो का, ही शंका रास्त आहे. तिचं उत्तर स्वित्झर्लंडमध्ये मिळालं. तिथल्या काही गावांत परदेशी माणसाला नागरिकत्व द्यायचं की नाही, हे गावकरी गुप्त मतदानानं ठरवत. अर्जदाराची माहिती पत्रकात छापून घरोघर येई. २००३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं हा प्रकार बंद केला. पण जुन्या मतदानाचे आकडे शिल्लक होते. संशोधकांनी तसेच अर्जदार कागदावर रचून लोकांना विचारलं. २०१५ साली प्रसिद्ध झालेला निकाल असा, की दोन अर्जदार शेजारी-शेजारी ठेवून विचारण्याची पद्धत प्रत्यक्ष मतदानाच्या सर्वांत जवळ गेली.

हे सगळं करायला काही वर्षांपूर्वीपर्यंत संगणकाची आज्ञावली लिहिणारा माणूस आणि वेगळा सर्व्हर लागायचा. आज तशी गरज उरलेली नाही. २०१४ साली हाइनम्युलर, हॉपकिन्स आणि यामामोटो यांनी दाखवून दिलं, की नेमके नऊ पत्ते निवडण्याऐवजी प्रत्येकासाठी चिठ्ठ्या टाकून पत्ते बनवले तरी हिशेब सरळ लागतो. चिठ्ठ्या तर साधं एक्सेलही टाकतं. हजार ओळींचा तक्ता करायचा, प्रत्येक रकान्यात सूत्रानं चव, वार, जागा, दर भरायचे. मग ते आकडे गोठवायचे, म्हणजे कॉपी करून फक्त किंमती पुन्हा चिकटवायच्या. नाहीतर फाइल उघडली की चिठ्ठ्या पुन्हा पडतात. प्रत्येक उत्तरदात्याला एक ओळ. क्वालट्रिक्ससारख्या सर्वेक्षणाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रश्नाच्या मजकुरात रिकाम्या जागा ठेवता येतात. त्या ओळीतले शब्द तिथं आपोआप येऊन बसतात. लाख मोलाची गोष्ट एवढीच, की माणसानं काय उचललं याच्या शेजारी त्याला काय दाखवलं हेही साठलं पाहिजे. नुसता 'पहिला पत्ता' एवढाच शेरा हाती आला, तर सगळी मेहनत पाण्यात.

इंटरनेट नसलेल्या घरी हेच पत्ते छापून नेता येतात. आमच्या तालुक्यात वारीच्या हनुमान सागर धरणाचं, म्हणजे वानचं पाणी कुणाला द्यायचं, यावरून आंदोलनं झाली आहेत. तिथं असा प्रश्न विचारायला हवा. आणि त्यात पाचवी ओळही हवी: टाकी कोणत्या वस्तीत. ती गाळून केलेलं सर्वेक्षण स्वच्छ दिसेल. पण तंटा जिथं होतो तीच जागा कोरी राहील.

शब्दही तपासून घ्यावे लागतील. आमच्या घरात उर्दू बोलतात. माझी आई गोड्या पाण्याला 'मीठा पानी' म्हणायची. मराठी सर्वेक्षकानं ते ऐकलं, तर तो 'मिठाचं पाणी', म्हणजे खारं, असं लिहून मोकळा होईल. तेव्हा पत्ता वाचून दाखवण्याआधी दोन पेल्यांतलं पाणी चाखायला द्यावं आणि पेल्यावर क्रमांक घालावा, असं मी सुचवेन.