रत्नागिरी ते गोंदिया विमानाने किती अंतर? किती वेळ लागतो?

महाराष्ट्राच्या नकाशावर रत्नागिरी आणि गोंदिया ही जवळपास दोन टोकं. रत्नागिरीच्या शाळांमध्ये आणि सरकारी कार्यालयांत दूरच्या जिल्ह्यांतून आलेले अनेक जण आहेत. त्यांच्यापैकी कुणी दिवाळीला गावी जायचं म्हणून हा प्रश्न इंटरनेटवर टाकला, तर लगेच उत्तर मिळतं: अंतर सुमारे ८९० किलोमीटर, वेळ दीड तास.

आकडा बरोबर आहे. अडचण एवढीच की असं विमानच नाही.

मग हा आकडा येतो कुठून? प्रत्येक विमानतळाला तीन अक्षरी कोड असतो. रत्नागिरीचा आरटीसी, गोंदियाच्या बिरसी विमानतळाचा जीडीबी. संकेतस्थळं या दोन ठिकाणांचे अक्षांश-रेखांश घेतात आणि पृथ्वीच्या गोलाईवरून जाणारं सर्वांत कमी अंतर काढतात. ते भरतं साधारण ८९० किलोमीटर, म्हणजे वैमानिकांच्या भाषेत ४८० सागरी मैल. मग त्याला ताशी ८०० किलोमीटरने भागायचं आणि उड्डाण-उतरण्यासाठी अर्धा तास जोडायचा. झाला दीड तास! तिथून खरंच विमान सुटतं का, हे कुणी तपासत नाही.

शिवाय ताशी ८०० हा वेग मोठ्या जेटचा. लहान शहरांच्या मार्गांवर बहुतेकदा पंख्यांची एटीआर विमानं असतात, त्यांचा वेग ताशी ५०० च्या आसपास. थेट सेवा असती तरी एटीआरला दोन तासांहून जास्त लागले असते.

रत्नागिरीच्या मिरजोळे इथल्या विमानतळावर तटरक्षक दलाचा तळ आहे. धावपट्टी आहे, केंद्राच्या ‘उडान’ योजनेत नावही आहे, पण नियमित प्रवासी विमानसेवा अजून नाही. बिरसीची धावपट्टी ब्रिटिशांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधली. प्रवासी विमान मात्र तिथे २०२२ मध्ये आलं. ती सेवा टिकली नाही. मग १ डिसेंबर २०२३ पासून इंडिगोने गोंदियाहून हैदराबादची सेवा सुरू केली.

हैदराबादचं नाव लक्षात ठेवा, कारण कोल्हापूरहूनही हैदराबादला विमानसेवा आहे. कोल्हापूर-हैदराबाद-गोंदिया हे हवाई अंतर होतं जेमतेम ९६० किलोमीटर, थेट अंतरापेक्षा फारसं जास्त नाही. वेळ जातो तो दुसरीकडेच: रत्नागिरीहून आंबा घाटातून कोल्हापूरपर्यंतचे सुमारे १३० किलोमीटर आणि हैदराबादला पुढच्या विमानाची वाट पाहणं. वेळा जुळल्या नाहीत तर मुक्कामच. लहान शहरांच्या विमानांची वेळापत्रकं वरचेवर बदलतात, त्यामुळे दोन्ही तिकिटं काढण्याआधी त्या दिवशीच्या वेळा पाहा.

दुसरा मार्ग मुंबईचा. कोकण रेल्वेने मुंबई, तिथून नागपूरचं विमान (साधारण दीड तास) आणि पुढे गोंदियापर्यंत रेल्वेने आणखी दोनेक तास. टप्पे जास्त, पण मुंबई-नागपूर विमानं भरपूर. एक चुकलं तर दुसरं मिळतं.

आणि विमानाचं तिकीट परवडत नसेल तर? एसटीने कोल्हापूर गाठा आणि महाराष्ट्र एक्सप्रेस पकडा. पुणे, मनमाड, भुसावळ, नागपूर करत ती थेट गोंदियाला जाते. कोल्हापूरपासूनच तेराशे किलोमीटरहून जास्त प्रवास, एक अख्खा दिवस आणि वर काही तास. पण गाडी बदलावी लागत नाही.