काकडीचे दिवस

२० जुलै २०२३. बर्लिनच्या दक्षिणेला, क्लाइनमाखनोवच्या आसपास सिंहीण मोकाट फिरतेय अशी बातमी आली. पुरावा म्हणून मोबाईलवरचा एक अंधुक व्हिडिओ. पोलिसांनी हेलिकॉप्टर काढलं, लोकांना घरातच थांबायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी तज्ज्ञ म्हणाले, हे बहुधा रानडुक्कर असावं. शोध थांबला.

अशा बातम्यांच्या मोसमाला जर्मनमध्ये नाव आहे ‘झॉमरलॉख’, म्हणजे उन्हाळ्यातलं भोक. संसदेला सुट्टी, मंत्री समुद्रकिनारी, मग पानं भरायची कशाने? (ऑगस्टमध्ये युरोपातल्या क्लायंटला मेल टाकून बघा. ‘मी सुट्टीवर आहे’ हे उत्तर दोन सेकंदांत येतं, खरं उत्तर सप्टेंबरात.) इंग्रजीतलं ‘सिली सीझन’ हे नाव १८६१पासूनचं, लंडनच्या ‘सॅटर्डे रिव्ह्यू’मधलं.

पण युरोपातल्या बऱ्याच भाषांना यासाठी आठवते ती काकडी. डच म्हणतात ‘कॉमकॉमरटाइट’, नॉर्वेजियन ‘आगुर्कटी’, पोलिश ‘सेझॉन ओगुर्कोवी’. जर्मनमधला जुना शब्द ‘झाउअरेगुर्केनत्साइट’, आंबट काकडीचे दिवस. काकडीचा आणि वर्तमानपत्राचा संबंध काय? एक मत असं की हा जर्मन शब्द म्हणजे दुःख आणि महागाईच्या दिवसांसाठीच्या यिडिश शब्दांचा अपभ्रंश. मला हे फारसं पटत नाही. कारण इंग्रजीतही काकडी आहे, ती आंबट नाही, आणि चांगलीच जुनी आहे.

सतराव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये चोर-भामट्यांच्या बोलीचा एक कोश निघाला. त्यात ‘कुकंबर टाइम’चा अर्थ दिलाय शिंप्यांची सुट्टी. बातमीदारांचा उल्लेखही नाही. पुढे फ्रान्सिस ग्रोजच्या कोशात शिंप्यांनाच ‘काकड्या’ म्हटलंय, कारण म्हणे उन्हाळ्यात ते काकडीवरच जगतात.

विनोद कळायला लंडनचं वेळापत्रक माहीत हवं. श्रीमंत मंडळी शहरात असली की मेजवान्या, दरबार, नवे कपडे. उन्हाळ्यात ती गावाकडच्या वाड्यांवर गेली की शिलाई बंद. काकडी तेव्हा बाजारात मुबलक आणि स्वस्त. म्हणजे त्या ‘सुट्टी’चा सरळ अर्थ बेकारी. जर्मनीतही हा शब्द आधी व्यापाऱ्यांच्या तोंडी होता, गिऱ्हाईक नसलेल्या दिवसांसाठी. वर्तमानपत्रांनी तो नंतर उचलला. त्यांच्यासाठी मंदी म्हणजे फार तर कंटाळवाणी पानं.

शिंप्यांनी हे मुकाट्याने सोसलं नाही. १७२०च्या सुमारास लंडनचे हजारो शिलाई कामगार एकत्र आले. मजुरी वाढवा, संध्याकाळी तासभर आधी सोडा, एवढीच मागणी. मालकांनी संसदेकडे धाव घेतली आणि १७२१मध्ये कायदा झाला. अशी एकजूट बेकायदा ठरली. कामाची वेळ सकाळी ६ ते रात्री ८. मजुरीला कमाल मर्यादा घातली, तीही मोसम बघून: २५ मार्च ते २४ जून या घाईच्या तिमाहीत दिवसाला जास्तीत जास्त २ शिलिंग. २४ जून उलटला, काकड्या बाजारात आल्या, की १ शिलिंग ८ पेन्स. तेही काम मिळालं तर.