नाव बाईचं, हिशोब कुणाचा?

परवा आपल्या एका गटाच्या बैठकीत मी एका ताईला विचारलं, "शिलाईचे महिन्याला किती सुटतात?" ती म्हणाली, "ते यांनाच माहीत." मशीनवर बसते ती, आणि हिशोब यांना माहीत! मला एकदम हंसा वाडकर आठवल्या.

तुमच्या आजीला हे नाव नक्की ठाऊक असेल. जन्म १९२३चा, मूळ नाव रतन साळगावकर. घरच्या ओढाताणीमुळे लहान वयातच सिनेमात आल्या. 'संत सखू', 'लोकशाहीर राम जोशी' गाजले. १९५९ सालचा 'सांगत्ये ऐका' तर पुण्यात एकाच थिएटरात दोन वर्षांहून जास्त चालला. तेच नाव त्यांनी आपल्या आत्मकथेला दिलं. त्यांनी सांगितलं आणि अरुण साधूंनी लिहून घेतलं. हे साधू आपल्या विदर्भातले, परतवाड्याचे. २००७ साली नागपूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. पुस्तक १९७० साली आलं आणि १९७१ साली हंसाबाई गेल्या.

त्या पुस्तकावरून श्याम बेनेगल यांनी १९७७ साली 'भूमिका' हा हिंदी सिनेमा काढला. स्मिता पाटील यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सिनेमातली उषा मोठी नटी आहे. तिला काम सोडून संसार करायचा असतो. पण घर तिच्याच कमाईवर चालतं, म्हणून नवरा तिला कामाला लावतो. वर संशयही घेतो. कंटाळून ती एका जमीनदाराच्या वाड्यात राहायला जाते. तिथं मान मिळतो, पण उंबरा ओलांडायची परवानगी नसते. शेवटी सुटकेसाठी ज्या नवऱ्याला सोडलं, त्यालाच तिला बोलवावं लागतं!

सगळा महाराष्ट्र जिला ओळखायचा, तिचीही ही गत. नाव झालं म्हणजे बाई मोकळी झाली, असं नसतं. कमावणं एक आणि कमाई हातात असणं दुसरं.

मैत्रिणींनो, घरात भांडणं लावायला मी हे सांगत नाही. एकच करा. आज घरी गेल्यावर आपलं पासबुक कुठं आहे ते बघा. शेवटची रक्कम कुणी काढली आणि कशासाठी, ते स्वतः वाचा. वाचता येत नसेल तर पुढच्या बैठकीला घेऊन या, आपण मिळून वाचू.

त्या ताईलाही मी तेच सांगितलंय. ती आणणार आहे.