खोट्याचा दंड खरा माणूस भरतो

पोस्ट थोडी लांब आहे, पण धानाची नोंदणी करायची आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचावी.

एकोडीत काय किंवा साकोली तालुक्यातल्या कोणत्याही गावात काय, जुन्या माणसांना विचारा. बैलजोडीचा सौदा तोंडी व्हायचा, शेत ठेक्याने द्यायचं तेही चार माणसांसमोर. सगळे साधू होते असं नाही. पण जो बोलला तो गावातच राहणार, उद्या त्याच धुऱ्यावर भेटणार, हा धाक होता. अनोळखी माणसाशी व्यवहार आला की मात्र कागद लागतो. आणि कागद म्हटला की आपल्या डोळ्यासमोर येतो तो स्टॅम्प पेपर.

आता गंमत बघा. स्टॅम्प पेपर हा खरेपणाचा पुरावा नाहीच, ती कर भरल्याची पावती आहे. हा कर १६२४ मध्ये हॉलंडमध्ये निघाला. इंग्रजांनी तो १७९७ मध्ये बंगालमध्ये आणला, १८९९ मध्ये भारतीय मुद्रांक कायदा झाला आणि आपल्या राज्याचा कायदा १९५८ चा. कागदावर लिहिलेलं खरं की खोटं, हे तो स्टॅम्प सांगत नाही. तरी आपण "स्टॅम्पवर लिहून दे" म्हणतो आणि निर्धास्त होतो. कारण तो सरकारने नाशिकला छापलेला असतो आणि सरकारी छापखान्याचा कागद नकली नसतो, असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं.

या भरवशावरच अब्दुल करीम तेलगीने धंदा उभा केला. तो बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरचा. वडील रेल्वेत होते, ते लवकर गेले. पोरगा गाडीत फळं विकून शिकला. पुढे सौदीला जाऊन आला, मुंबईत माणसं परदेशी पाठवताना खोटी कागदपत्रं बनवल्याबद्दल पकडला गेला. तरीही १९९४ मध्ये त्याला मुद्रांक विक्रीचा परवाना मिळाला! नाशिकच्या छापखान्यातून मोडीत निघालेली यंत्रं त्याच्या हाती लागली, असं तपासात पुढे आलं. मग बाजारात स्टॅम्पची टंचाई करायची आणि आपल्या माणसांकरवी बँका, विमा कंपन्या, शेअर दलाल यांना नकली स्टॅम्प गठ्ठ्याने विकायचे. घेणाऱ्याला वाटायचं, कर सरकारात गेला. जायचा तेलगीच्या खिशात.

नोव्हेंबर २००१ मध्ये तो अजमेरला पकडला गेला. अण्णा हजारे हायकोर्टात गेले, विशेष तपास पथक नेमलं गेलं, २००४ मध्ये तपास सीबीआयकडे गेला. अधिकारी, पोलीस, राजकारणी यांची नावं निघाली. काहींवर गुन्हा सिद्ध झाला, काही सुटले. घोटाळा हजारो कोटींचा, तीस हजार कोटींपर्यंतचे आकडे बोलले गेले, पण त्यावर शेवटपर्यंत एकमत झालं नाही. २००६ मध्ये तेलगीला तीस वर्षांची सक्तमजुरी झाली आणि शिक्षा भोगत असतानाच २०१७ मध्ये तो बंगळुरूला वारला.

गोष्ट इथे संपली असं आपल्याला वाटतं. माझ्या मते ती इथून सुरू होते.

कायदा असा आहे की, पुरेसा मुद्रांक नसलेला दस्त कोर्ट पुरावा म्हणून घेत नाही. राहिलेला कर आणि वर दंड भरला तरच घेतं. म्हणजे ज्याने इमानदारीत पूर्ण पैसे मोजून स्टॅम्प घेतला आणि तो नकली निघाला, त्याच्यावर पुन्हा कर आणि दंड भरायची पाळी! लबाडी तेलगीची, भुर्दंड गिऱ्हाईकाला.

आणि त्याच्यानंतर आलेल्या आपल्या सगळ्यांनाही. फ्रँकिंग आलं, ई-स्टॅम्प आला, ऑनलाइन चलन आलं. व्यवस्था सुधारली हे खरंच, मी त्याला नावं ठेवत नाही. पण आता प्रत्येक खऱ्या माणसाला आपण खरे आहोत हे आधी दाखवावं लागतं. लबाडाला एक वाट बंद झाली की तो दुसरी शोधतो. ओळखपत्र आणि झेरॉक्स घेऊन रांगेत उभा राहतो तो साधा माणूस.

आता आपल्या धानाकडे या. आधारभूत खरेदी केंद्र कशासाठी आहे? व्यापाऱ्याने भाव पाडला तरी कास्तकाराला हमीभाव मिळावा म्हणून. सुरुवातीला सातबारा दाखवला की काम व्हायचं. मग काय झालं ते आपण सगळे जाणतो. सातबारा एकाचा, धान दुसऱ्याचं. व्यापारी पडत्या भावात घेतलेलं धान कोणाच्या तरी नावावर केंद्रावर मोजतो, आणि ज्याने सातबारा वापरायला दिला त्याच्या हातावर थोडे पैसे टेकवतो. बांधीत पीकच नाही, तरी बोनसच्या यादीत नाव.

याचा परिणाम? २०२१ पासून ई-पीक पाहणी. ऑनलाइन नोंदणी, आधार, बँकेचं पासबुक, आणि स्वतः केंद्रावर जाऊन फोटो. ज्या म्हाताऱ्या कास्तकाराने जन्मात कोणाला फसवलं नाही, तो मोबाइलमध्ये नेटवर्क शोधत धुऱ्यावर उभा आहे. सर्व्हर डाऊन असला की त्याचं धान घरी, आणि उधारी फेडायला शेवटी तेच धान त्याच व्यापाऱ्याला, पडत्या भावात.

"माझा सातबारा दिला तर सरकारचं काय बिघडते?" असं गावात सहज बोललं जातं. सरकारचं थोडंच बिघडतं. बिघडतं शेजाऱ्याचं. तुमच्या एका खोट्या पोत्यामागे त्याला एक कागद जास्त लागतो. तेलगी आणि आपण, माप वेगळं आहे, रीत तीच.

म्हणून तीन गोष्टी सांगतो. सातबारा आणि अंगठा कोणाला उसना देऊ नका, नोंद तुमच्या नावावर असेल तर चौकशीही तुमचीच होईल. ई-स्टॅम्पवर नंबर असतो, तो ऑनलाइन तपासूनच सही करा. आणि केंद्रावर दुसऱ्याचं धान चढताना दिसलं तर "जाऊ दे ना" म्हणू नका. पुढच्या हंगामात नवा नियम येईल, आणि त्या रांगेत तो व्यापारी नसेल, तुम्ही असाल.

पटलं तर गावच्या ग्रुपवर टाका. नाही पटलं तर खाली लिहा, बोलू.