क्लुंगकुंगचा राजवाडा

बाली बेटाच्या (इंडोनेशिया) पूर्व भागातील ‘देव अगुंग’ राजांचा जुना वाडा. स्थानिक नाव पुरी स्मरपुर. देनपासारपासून सुमारे ४० किमी. आधीच्या गेलगेल राज्याची सत्ता मोडल्यावर, १७००च्या आसपास, राजधानी येथे आली. बालीतील इतर राजे या घराण्याला वडीलकीचा मान देत. २८ एप्रिल १९०८ रोजी राजा, राणीवसा व दरबारी डच फौजेवर चालून गेले आणि मरण पावले. शरण न जाता केलेल्या या सामूहिक आत्माहुतीला ‘पुपुतान’ म्हणतात. वाडा उद्ध्वस्त झाला. येथे महाद्वार, तळ्यातील मंडप बाले कांबांग आणि कोपऱ्यावरचा न्यायमंडप कर्ता गोसा एवढेच पाहण्यासारखे उरले आहे.

त्यांत पाहावा तो न्यायमंडपच, आणि तोही मान वर करून. छताच्या उतरत्या फळ्यांवर कामासान शैलीतील चित्रांच्या ओळी आहेत. तळाशी तंत्रीच्या कथा, म्हणजे पंचतंत्राचे बाली रूप; वर गरुडाचे अमृतहरण, भूकंपांचे शकुन; पण बहुतेक जागा ‘भीम स्वर्ग’ या कथेने व्यापली आहे. कुंतीच्या सांगण्यावरून भीम पांडू व माद्रीचे आत्मे सोडवायला यमलोकात शिरतो. सोबत त्वालेन व मर्दाह हे दोन सेवक. गोमुखी काहिलीत उकळणारे पापी येथेच दिसतात. आरोपींनी वर पाहिले की हीच दृश्ये समोर येत. व्यासांच्या महाभारतात नरक पाहतो तो युधिष्ठिर, त्यामुळे मराठी पाहुणा येथे हमखास गोंधळतो. ही चित्रे पूर्वी कापडावर होती. आजची विसाव्या शतकात ॲस्बेस्टॉसच्या पत्र्यांवर नव्याने रंगवलेली आहेत. म्हणून ‘प्राचीन चित्रे’ ऐकले की वाटाड्याचे बोलणे निम्मेच धरावे. परंपरा मात्र खरी जुनी आहे.

येथून पुढे बालीतील देवळांत (पुरा) जाताना कमरेला ‘कामेन’ हे वस्त्र व त्यावर शेला बांधावा लागतो. बऱ्याच ठिकाणी ते दारातच मिळतात. रजस्वला स्त्रियांना व ताजी जखम असलेल्यांना प्रवेश वर्ज्य आहे. पूजा चालू असताना पुजाऱ्यापेक्षा उंच जागी उभे राहू नये. वाडा पाहून बेसाकीहच्या देवळाच्या वाटेला लागण्याआधी दक्षिणेला लागूनच असलेल्या कामासान गावात जावे: तेथील चित्रकारांच्या घरी हीच शैली आजही कापडावर चालू आहे.