आजोबांची काळी वायर आणि एक दुरुस्ती

मंडळी, मे महिन्यात मी इथे शेजारच्या आजोबांच्या जुन्या ट्रॅक्टरबद्दल लिहिलं होतं. आजोबा मुलीकडे ॲरिझोनाला कायमचे राहायला गेले आणि जाताना तो माझ्या गराजमध्ये ढकलून गेले. त्या पोस्टमध्ये मी एक वाक्य फार ऐटीत टाकलं होतं, की आजोबांचं वायरिंग म्हणजे निव्वळ जुगाड. त्या वाक्याची दुरुस्ती करायची आहे. पण त्यासाठी थोडं मागे जावं लागेल, अगदी १९१२ पर्यंत. चहा घेऊन बसा.

आधी ट्रॅक्टर म्हणजे काय ते सांगतो, कारण कऱ्हाडच्या मंडळींना वाटेल मी शेती घेतली. हा बागेतला ट्रॅक्टर. दुसऱ्या महायुद्धानंतर इथे शहराबाहेर मोठमोठ्या आवारांची घरं झाली. गवत कापायचं, हिवाळ्यात बर्फ ढकलायचा, एखादी ट्रॉली ओढायची, एवढ्यासाठी शेतीचा ट्रॅक्टर फार मोठा आणि ढकलायचं मशीन फार छोटं. मग १९६१ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरने कब कॅडेट आणला, १९६३ मध्ये जॉन डिअरने ११० आणला. इंटरनॅशनल हार्वेस्टर हे नाव आपल्याला परकं नाही. महिंद्राने १९६३ मध्ये त्यांच्याच भागीदारीत ट्रॅक्टरचा धंदा सुरू केला आणि कांदिवलीत बी-२७५ बनू लागला. आमच्या मामांच्या शेतावर तोच होता. माझा कब कॅडेट १०२ म्हणजे त्या बी-२७५ चं शेंडेफळ म्हणा. १९६६ चा, कोहलर कंपनीचं एका सिलिंडरचं दहा हॉर्सपॉवरचं इंजिन.

या ट्रॅक्टरला सेल्फ वेगळा नाही आणि डायनॅमोही वेगळा नाही. इंजिनाच्या कडेला एकच नळकांडं आहे, पट्ट्याने इंजिनाला जोडलेलं. किल्ली फिरवली की बॅटरीचा करंट त्यात जातो, ते मोटर बनून इंजिन फिरवतं. इंजिन सुरू झालं की तोच पट्टा उलट त्याला फिरवतो आणि ते डायनॅमो बनून बॅटरी भरतं. सासूने सुनेला कामाला लावायचं आणि मग सुनेने सासूला, तसला प्रकार. नळकांड्यावर नाव आहे डेल्को-रेमी.

आणि इथेच मला गंमत वाटते, कारण मी राहतो डेटनजवळ. ऑफिसला जाताना केटरिंग नावाच्या गावातून जातो. ते गाव ज्यांच्या नावाचं, त्या चार्ल्स केटरिंगनी इथेच, एडवर्ड डीड्स यांच्या घरामागच्या कोठारात बसून गाडीचा सेल्फ तयार केला. डेल्को म्हणजे त्यांच्याच डेटन इंजिनीअरिंग लॅबोरेटरीज कंपनीचं आखूड नाव. त्याआधी गाडी सुरू करायची म्हणजे पुढे हँडल घालून फिरवायचं, आणि इंजिनाने उलटा झटका दिला की मनगट मोडायचं. वीज वापरून इंजिन फिरवायचं तर मोटर इंजिनाएवढीच मोठी लागेल असं जाणकार म्हणत होते. केटरिंग त्याआधी नॅशनल कॅश रजिस्टरमध्ये होते, तिथे त्यांनी गल्ल्याच्या मशीनला छोटी मोटर बसवली होती. गल्ल्याचा खण उघडायला मोटर क्षणभरच चालते, म्हणून तिच्यावर तिच्या कुवतीच्या कितीतरी पट ताण टाकला तरी ती जळत नाही. गाडीलाही नेमकं तेवढंच हवं होतं! १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये हा सेल्फ आला, आणि तोही असाच, मोटर आणि डायनॅमो एकत्र. पुढे मोटारगाड्यांनी दोन कामं दोन यंत्रांना वाटून दिली. पण पन्नास वर्षांनी स्वस्त आणि लहान ट्रॅक्टर बनवायची वेळ आली तेव्हा ती जुनी कल्पना पुन्हा उपयोगी पडली.

फक्त एक आहे. एकाच यंत्रावर दोन कामं टाकली की बिघाड शोधताना संशयही दुप्पट होतो. माझं तेच झालं.

ट्रॅक्टर मे महिन्यात चालू होता. मी काय केलं, तर तो पूर्ण खोलला, घासला आणि पिवळ्या-पांढऱ्या रंगाने असा रंगवला की बायको म्हणाली, आता याच्यावर वरात काढ. त्याच वेळी "जुगाड" वायरिंगही साफ केलं. सगळं परत जोडलं, किल्ली फिरवली. टक्. बस, एवढंच. पुन्हा टक्.

मग मी सुशिक्षित माणसासारखा वागलो, म्हणजे सामान मागवत सुटलो. नवी बॅटरी आणली. टक्. नवा सॉलेनॉइड आणला. टक्. मग वाटलं इंजिनच जड फिरत असेल. या कोहलर इंजिनात सुरू होताना दाब कमी करायला कॅमशाफ्टवर एक छोटी युक्ती असते, ती एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंचित उचलून धरते. व्हॉल्व्हची फट वाढली की ती पोचत नाही आणि बिचारा सेल्फ पूर्ण दाबाविरुद्ध झगडत बसतो. लोक सेल्फ बदलतात आणि दोष निघतो व्हॉल्व्हमध्ये. म्हणून फट मोजली. बरोबर होती. पट्टा ताणला, पॉइंट काढून वीस थाऊची फट लावली (पॉइंटचा आणि सेल्फ न फिरण्याचा काही संबंध नाही, पण हाताला काहीतरी काम हवं होतं). शेवटी ठरवलं, आर्मेचर गेलं. आजोबांना फोन करून सांगितलंसुद्धा, की तुमचा स्टार्टर जळाला. ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, मी गेल्या ऑक्टोबरपर्यंत पानं गोळा करत होतो त्याच्यावर.

त्या रविवारी बाबांशी व्हिडिओ कॉल होता. बाबा एसटीच्या डेपोत इलेक्ट्रिशियन होते, आता एक्क्याऐंशीचे आहेत. गवत कापायला ट्रॅक्टर ही कल्पनाच त्यांना पटलेली नाही. मी रडगाणं गायलं.

"टक् आवाज सॉलेनॉइडचा ना? मग तो काम करतोय. हेडलाइट लावून किल्ली फिरव."

फिरवली. दिवे जसेच्या तसे.

"मंद झाले नाहीत म्हणजे करंट सेल्फपर्यंत जातच नाहीये. जळलेला सेल्फ करंट खातो, दिवे बसतात. अर्थ कुठे दिलायस?"

"फ्रेमला, बाबा. बोल्ट नवीन घातलाय."

"आणि फ्रेमला रंग कधी दिलास?"

पुढचं सांगायला नकोच. तरी मल्टिमीटर लावला. एक टोक बॅटरीच्या मायनसच्या शेंडीवर, दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूवर, आणि किल्ली फिरवली. तिथे अर्धा व्होल्टसुद्धा जास्त समजतात. मला दिसले अकरा! म्हणजे बॅटरीचा जवळजवळ सगळा जोर माझ्या सुंदर पिवळ्या रंगाच्या थरातच अडकत होता. दिवे लागत होते कारण त्यांची अर्थ मी नव्या वायरने थेट बॅटरीला नेली होती. जंपर केबलने बॅटरीचा मायनस सरळ इंजिनाला लावला आणि इंजिन पहिल्या फटक्यात गरगरलं.

आता खरी गोष्ट. "जुगाड" म्हणून मी जे काढून टाकलं होतं, त्यात एक जाड काळी वायर होती. बॅटरीच्या मायनसपासून निघून इंजिनाच्या एका बोल्टला. मूळ आकृतीत ती नाही, म्हणून मला ती निरुपयोगी वाटली. आजोबांनी कधीतरी, बहुतेक फ्रेम गंजायला लागल्यावर, हाच बिघाड अनुभवला असणार आणि कायमचा मिटवला असणार. वायर कॉफीच्या डब्यात होती, फेकली नव्हती एवढं माझं नशीब. तिच्या टोकाचं डाग दिलेलं टर्मिनल मी आज केलेल्या कुठल्याही जोडणीपेक्षा नीट आहे.

बाबा म्हणाले, डेपोत त्यांच्या उस्तादांचा नियम होता, आधी अर्थ, मग बाकीचं. हे त्यांनी मला चेतकच्या वेळी का नाही सांगितलं विचारलं, तर म्हणे, तिला बॅटरी होती कुठे, तुला फक्त तिरकी करायला शिकवलं की झालं.

बोल्टाखालचा आणि इंजिनाच्या पायांखालचा रंग खरवडला, वर आजोबांची वायरही परत लावली. त्यांना व्हिडिओ पाठवला, आणि स्टार्टरबद्दल चुकीचं बोललो हेही लिहिलं. त्यांचं उत्तर आलं, रंग छान दिसतोय, पण तेल बदललंस का?

बदललं नव्हतं. आज बदललं.

अजून एक शिल्लक आहे. इंजिन चालू असताना बॅटरीवर साडेबाराच व्होल्ट दिसतात, चौदाच्या आसपास हवेत. म्हणजे नळकांडं मोटर म्हणून पास, डायनॅमो म्हणून नापास. रेग्युलेटर काढून परत बसवला की बॅटरी आणि जनरेटरची टर्मिनलं क्षणभर वायरने जोडून त्याला पोलराइझ करायचं असतं, ते मी केलं नव्हतं. शनिवारी तेच करून बघणार. नाहीतर मग कटआउट घासायचा आणि कार्बन ब्रश बघायचे. नवीन काही मागवायचं नाही असं बायकोने बजावलंय.